आई कुठे आहे?

गेल्या पावसाळ्यात मी कुत्र्याची पिल्लं विकणाऱ्या अकरा जणांना फोन केले. सात गोव्यातले, चार घाटावरचे. प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच: पिल्लांची आई कुठे आहे?

उत्तरं मी एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर उतरवून ठेवली आहेत. ‘आई गावाला असते.’ ‘आई पार्टनरकडे आहे.’ ‘मॅडम, तुम्हाला पिल्लू पाहिजे की आई?’ एकाने सांगितलं की पिल्लं बाहेरून येतात, आई त्यानेसुद्धा पाहिलेली नाही. दोघांनी पलीकडून फोनच ठेवला. अकरांपैकी फक्त तिघे म्हणाले, या आणि बघा.

डिसेंबर 2021 मध्ये आम्ही ब्रुनोला आणलं तेव्हा हा प्रश्न माझ्या मनातही आला नव्हता. लेकीला लॅब्रॅडोर हवा होता, नवऱ्यालाही हवा होता आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त मलाच हवा होता. फोटो बघितले, नऊ हजार पाठवले, आणि दोन दिवसांनी सकाळी सहा वाजता फोंड्याला रात्रीच्या बसमधून एक बिस्किटांचा खोका उतरला. खोक्याला सुरीने भोकं पाडलेली होती. तळ लघवीने भिजून मऊ पडला होता. लेक शाळेचा युनिफॉर्म घालूनच आली होती. तिने त्याला उचललं तेव्हा तो रडलाही नाही, नुसता तिच्या कोपरात तोंड खुपसून राहिला. आम्हाला वाटलं, किती शांत आहे.

चौथ्या दिवशी त्याने दूध सोडलं. दुपारी पिवळ्या फेसाची उलटी झाली, रात्री रक्ताचे जुलाब. डॉक्टरांनी विष्ठेचा नमुना किटवर टाकला. मी अठरा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, किटवरची दुसरी रेघ उमटताना बघायची मला सवय आहे. ती उमटायला लागली तशी मी लेकीला बाहेर बसायला सांगितलं. पार्व्हो, पिल्लांच्या आतड्यांना धरणारा विषाणूचा आजार. पांढऱ्या पेशी 1,200 वर आल्या होत्या. निरोगी कुत्र्यात त्या सहा हजारांच्या वर असतात. सलाईन लावलं, पायाला पट्टी बांधून रोज घरी आणला, रोज परत नेला. नवव्या दिवशी पहाटे तो माझ्या मांडीवर गेला.

उपचारांच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्याचा जबडा उघडून मला दाखवला होता. पुढचे दात आलेले, सुळे आलेले, पण मागच्या दाढा अर्धवटच हिरडीबाहेर. पिल्लाचे दुधाचे अठ्ठावीस दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतात. ‘विकणारा सांगतो तसा हा दोन महिन्यांचा नाही,’ ते म्हणाले, ‘फार तर पाच आठवड्यांचा आहे.’ पार्व्होची बाधा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेक वेळा तीन ते सात दिवस जातात. मी बोटं मोजून बघितली. तो आजार बहुधा तिथूनच घेऊन आला होता, किंवा खोक्यातून येताना.

त्याच्याबरोबर लसीची पुस्तिकाही आली होती. ती मी तो गेल्यावर नीट बघितली. लसीच्या रकान्यात पेनने तारीख घातलेली. कुपीवरचं स्टिकर नाही, बॅच नंबर नाही, डॉक्टरचा शिक्का नाही. लॅबमध्ये ज्या नळीवर नाव आणि तारीख नसते ती मी कुणाची भीड न ठेवता परत पाठवते. घरी आलेल्या जिवाची पुस्तिका मात्र मी न उघडताच कपाटात ठेवली होती. याचं मला आजही वाईट वाटतं.

विकणाऱ्याला फोन केला. आधी तो म्हणाला तुम्ही नीट सांभाळलं नसणार. मग म्हणाला दुसरं पिल्लू अर्ध्या पैशांत देतो. ब्रुनोची भावंडं कशी आहेत, विचारलं. ‘ती सगळी गेली,’ म्हणाला. गेली म्हणजे विकली गेली की मेली, हे विचारायचं धैर्य मला झालं नाही.

पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो, वर्षभरही टिकू शकतो. फरशी आम्ही ब्लीचच्या पाण्याने पुसून काढली, पण परसातल्या मातीला काय करणार? डॉक्टरांनी सांगितलं, निदान एक वर्ष लस पूर्ण न झालेलं पिल्लू या अंगणात आणू नका. वर्षाची दोन वर्षं झाली. मला धीरच होत नव्हता.

आमच्याकडे एक कुत्रा आहेच. काळू, गावठी, आता नऊ वर्षांचा. देवळाच्या मागच्या पायऱ्यांवर सापडलेला. त्याला ना कधी कंबरेचा त्रास, ना कातडीचा. गोचीड तेवढे आमच्या हवेत सगळ्यांनाच होतात. शेजारच्या काकूंनी मला स्पष्ट विचारलं, ‘रस्त्यावर इतकी पोरकी पिल्लं असताना पैसे देऊन कुत्रा कशाला?’ काकूंचं म्हणणं चुकीचं नाही. माझ्यापाशी त्याला तोडीस तोड उत्तर नाही. मला लॅब, म्हणजे लॅब्रॅडोर, हवा होता, एवढंच. पण तो घेताना माझ्या पैशांनी कुठे काय चालू राहतं ते मला कळलं पाहिजे, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून आधी कायदा वाचला. केंद्राने 2017 मध्ये कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम काढले आहेत, 1960 च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. कातडीखाली ओळखीची मायक्रोचिप हवी. मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय तिच्याकडून पिल्लं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतर नाहीत, वर्षातून एकदाच, आणि आयुष्यात जास्तीत जास्त पाच वेळा.

हे शेवटचं वाक्य वाचून मी हिशेब मांडला. कुत्री साधारण सहा-सहा महिन्यांनी माजावर येते. गर्भ त्रेसष्ट दिवसांचा. नंतर दोन महिने पाजणं. प्रत्येक माजाला तिला नर दाखवला तर वर्षातले आठ महिने ती गाभण तरी असते नाहीतर पाजत तरी. ‘आई पार्टनरकडे आहे’ या उत्तराच्या मागे हे असू शकतं. आणि कायद्यातली पाच वेतं ही वरची मर्यादा आहे. एखादीला दोन वेतं झाली की तिथेच थांबवणारी माणसंही असतात, अशी एक मला पुढे भेटली.

नोंदणीचं सर्टिफिकेट मागितलं की बरेच जण केसीआयचे पेपर पुढे करतात. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केनेल क्लब ऑफ इंडिया, म्हणजे चेन्नईची संस्था, पिल्लाची वंशावळ नोंदवते. आई कोण, बाप कोण, त्यांचे आईबाप कोण. आईचे डोळे, कंबर ठीक आहेत का, ती कुठल्या खोलीत राहते, हे त्या कागदावर नसतं. जन्मदाखला बघून कुणी हिमोग्लोबिन सांगू शकत नाही, तसंच.

‘या आणि बघा’ म्हणालेल्या तिघांपैकी पहिला घाटावरचा. मोठी पाटी, ट्रॉफ्यांनी भरलेलं कपाट, धुतलेल्या फरश्या. फोनवर त्याने ‘डबल बोन’ हा शब्द चार वेळा वापरला. लॅब विकणारे सगळेच वापरतात. पग असेल तर ‘पंच फेस’, म्हणजे चपटं तोंड. लॅब्रॅडोरमध्ये डबल बोन नावाचा प्रकार नाही. हाड जाड दिसणारं, अंगाने भरलेलं पिल्लू, एवढाच त्याचा अर्थ, आणि वाढीच्या वयातलं जास्तीचं वजन लॅबच्या सांध्यांना वाईट. गेल्यावर आईला भेटू देईना. म्हणाला, बाहेरच्या माणसाने इन्फेक्शन येतं. यात तथ्य आहे, चपलेच्या तळव्यातून पार्व्हो येतो हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? मी म्हटलं, लांबून दाखवा, नाहीतर व्हिडिओ दाखवा. त्याने फोनवर व्हिडिओ दाखवला. पिवळसर, देखणी कुत्री, चकाकणारी कातडी, पोट आत गेलेलं. मी व्हिडिओ थांबवून मोठा केला. सड सपाट होते. महिन्याभराच्या सात पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचे सड लोंबलेले असतात, पिल्लांच्या नखांनी ओरखडलेले असतात, अंगावरचे केस विरळ झालेले असतात. ही कुत्री कुणाचीही असेल, या सात पिल्लांची आई नव्हती. मी काही बोलले नाही. पंचेचाळीस हजार सांगितले होते, विचार करून कळवते म्हटलं आणि नवऱ्याला म्हटलं, चल.

दुसरे डिचोलीकडचे काका. त्यांच्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे, कारण तिथे मी खरी अडले.

काका खाणीवर मेकॅनिक होते, आता घरीच असतात. घरापुढे बाल्कांव, म्हणजे बसायचा व्हरांडा, मागे माड, आणि चेरी नावाची चार वर्षांची लॅब. चेरी त्यांच्या खाटेखाली झोपते. तिच्यासाठी वेगळं पातेलं, काटे काढलेले बांगडे, बिनमिठाचा भात. ओळखीच्यांचा नर होता, त्याच्याशी जुळवून पहिल्यांदाच पिल्लं घेतलेली, सहा. पिल्लं स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गोणपाटावर. मिक्सर लागला तरी एकानेही दचकून बघितलं नाही. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे बघतं, ऐकतं त्याची भीती त्याला पुढे कमी वाटते, त्यामुळे अशा कोपऱ्यात वाढलेलं पिल्लू कुठल्याही चकचकीत केनेलपेक्षा बरं. काका पैसेही फार मागत नव्हते. ‘दहा द्या, खर्च निघाला की झालं.’ काकींनी चहाबरोबर खाजं ठेवलं. लेक पिल्लांत बसली होती आणि मला वाटलं, संपला शोध.

तेवढ्यात काकांनी चेरीला हाक मारली. ती अंगणातून आली. बाल्कांवाला तीन पायऱ्या. पुढचे पाय तिने एकामागून एक ठेवले, पण मागचे दोन्ही एकदम उचलले, सशासारखे. तीनही पायऱ्या तशाच. वर आल्यावर बसली ती एका कुल्ल्यावर, एक पाय बाहेर टाकून.

लॅबमध्ये, जर्मन शेफर्डमध्ये कंबरेच्या सांध्याचा हा आजार नेहमीचा आहे, हिप डिस्प्लेजिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सैल राहतो, घासत जातो. एका जनुकाने होत नाही, अनेकांच्या मेळाने होतो; वजन, निसरडी फरशी यांनी वाढतो. म्हणून ब्रीडरने आईबाप दोन वर्षांचे झाल्यावर भूल देऊन कंबरेचा एक्स-रे काढायचा आणि तो बघूनच जोडी जुळवायची. दुसऱ्या काही आजारांचं सोपं आहे, एका जनुकाचा खेळ असतो. लॅब्रॅडोरमध्ये पळता पळता मागचे पाय लुळे पडून कोसळण्याचा एक आजार आहे, डोळ्यांचा पडदा हळूहळू मरण्याचा एक आहे. आमच्याकडे लग्न ठरलेली जोडपी थॅलेसेमियाच्या तपासणीसाठी रक्त देतात, त्याच जातीचं हे गणित. आई वाहक, म्हणजे स्वतः ठणठणीत पण बिघडलेलं जनुक बाळगणारी, आणि बापही वाहक, तर दर पिल्लामागे चारात एक शक्यता आजाराची. एक जण वाहक आणि दुसरा साफ असेल तर एकालाही होत नाही. गालाच्या आतून कापूस फिरवून नमुना पाठवायचा, एवढंच काम.

मी काकांना विचारलं, चेरीचा एक्स-रे काढलाय का? ते म्हणाले, ‘गो बाय, आमच्या लग्नाच्या वेळी आमचा तरी कुणी काढला?’ ते मनापासून बोलत होते. मी पायऱ्यांबद्दल सांगितलं. ते म्हणाले, ती लहानपणापासून अशीच चढते, आम्हाला ती तिची लाडाची चाल वाटते. मग मी सगळं सांगितलं, सांगताना माझा आवाज बारीक झाला असणार. काकी आत निघून गेल्या. काका चेरीच्या कंबरेवरून हात फिरवत राहिले. सहापैकी पाच पिल्लांची घरं तोवर ठरली होती. एक घर फिरलं होतं म्हणून तर मला बोलावलं होतं.

परतताना गाडीत लेक रडत होती. नवरा म्हणाला, इतका चांगला माणूस, तू त्याला परीक्षेला बसवल्यासारखं केलंस. मी गप्प बसले. काकांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, लपवलं नव्हतं, चेरीवर त्यांचा जीव होता. आणि तरीही सहा घरांत सहा पिल्लं अशी जाणार होती की ज्यांच्या आईचं दुखणं चार वर्षं रोज डोळ्यांसमोर असून कुणी ओळखलं नव्हतं. मी कितीतरी रात्री यावर विचार केला. माणसाची माया खरी असली तरी जो पिल्लं जन्माला घालतो त्याच्यावर बघण्याचीही जबाबदारी येते, आणि ती माया तिच्या जागी पुरत नाही, असं माझं मत झालं. काकांना वाईट माणूस म्हणायला मात्र मी तयार नव्हते, आजही नाही.

तिसऱ्या सासष्टीतल्या एक बाई. त्यांनी तर पिल्लू दाखवायच्या आधी मलाच तासभर विचारलं. दिवसा घरी कोण असतं? कंपाउंड आहे का? चवथीला मूळ घरी जाता तेव्हा कुत्रा कुठे राहणार? ब्रुनोचं ऐकल्यावर त्यांनी तारखा लिहून घेतल्या आणि अंगणातली माती किती महिने रिकामी आहे ते मोजलं. त्यांच्याकडे तेव्हा पिल्लं नव्हतीच. पावसात त्या पिल्लं होऊ देत नाहीत. ओल, लेप्टोचा ताप, गोचीड, कशाला म्हणाल्या. थांबावं लागेल, पाच महिने तरी. आईचा आणि बापाचा दोघांचा एक्स-रे, दोघांचे जनुकांचे रिपोर्ट त्यांनी टेबलावर ठेवले. चिपचा नंबर, नमुन्याची तारीख, लॅबचं नाव, सगळं जुळतंय का ते मी सवयीने तपासलं. आई डोळ्यांच्या आजाराची वाहक निघाली होती. तेही त्यांनी स्वतःहून दाखवलं आणि बाप साफ असलेला कसा निवडला ते सांगितलं. मी विचारलं, कंबरेची गॅरंटी देता? ‘ना,’ म्हणाल्या, ‘जो देतो त्याने देऊ नये.’ पण त्यांच्या करारात एक कलम होतं: कुठल्याही वयात, कुठल्याही कारणाने कुत्री सांभाळता आली नाही तर ती आधी त्यांच्याकडे परत. दोन वेतं झालेली एक म्हातारी कुत्री सोफ्यावर झोपलेली होती, ऑपरेशन झालेली, आता नुसती घरची.

पस्तीस हजार. आम्हाला जड गेले. जास्त पैसे म्हणजे चांगला ब्रीडर असं मी कुणालाही सांगणार नाही, घाटावरचा तर पंचेचाळीस मागत होता. पण ते पैसे कुठे गेले हे मला या वेळी माहीत होतं.

मिरी नऊ आठवड्यांची असताना आली. काळीभोर आहे, नाव लेकीने ठेवलं, कुळागरातल्या वाळत टाकलेल्या मिरीवरून. पुस्तिकेत स्टिकर होती, शिक्का होता, जंताच्या औषधाच्या तारखा होत्या. मी उभ्या उभ्या दोनदा वाचली. पहिले दहा दिवस मला झोप लागली नाही, रात्री उठून तिच्या नाकाला हात लावून बघायचे. काळूने तिसऱ्या दिवशी तिला आपल्या गोणपाटावर जागा दिली.

डिचोलीचे काका पुन्हा फोन करतील असं वाटलं नव्हतं. मिरी येऊन महिना झाला असेल, एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. चेरीचा एक्स-रे काढला होता. रिपोर्ट इंग्रजीत होता, म्हणून त्यांनी व्हिडिओ लावून कागद कॅमेऱ्यासमोर धरला आणि म्हणाले, ‘तू लॅबवाली, वाचून सांग.’ मी वाचला. दोन्ही बाजू, उजवी जास्त. त्यांच्या डॉक्टरांनी वजन चार किलो उतरवायला सांगितलं होतं आणि पुन्हा पिल्लं नकोत म्हणून ऑपरेशनची तारीख दिली होती. पायऱ्यांवर काकांनी फळ्यांचा उतार करून घेतला होता, तोही कॅमेरा फिरवून दाखवला.

मग थोडा वेळ ते काही बोलेनात. म्हणाले, पिल्लं गेली त्या घरांना काय सांगू? मी म्हटलं, जे आहे तेच. वजन वाढू देऊ नका, गुळगुळीत फरशीवर पळवू नका, दोन वर्षांचं झालं की एक्स-रे काढा आणि तोवर पिल्लं घेऊ नका. त्यांनी ते लिहून घेतलं, मी सावकाश सांगत गेले. संध्याकाळी त्यांचा मेसेज आला. पाच घरांशी बोलणं झालं होतं. एका घराने पैसे परत मागितले, ते त्यांनी देऊ केले. सहावं घर, पेडण्याचं, फोन उचलत नव्हतं. मंगळवारी स्कूटर घेऊन स्वतःच जाऊन येतो, असं त्यांनी लिहिलं होतं.